४८ हजारांची फी आणि शेडमधलं तिरकं लोखंड

तारे आधी देऊन टाकते: पाचपैकी चार. अर्धा ड्रॉइंगपायी कापला, अर्धा स्क्रूपायी. ज्या इंजिनिअर बाईंनी आमच्या शेडचं स्ट्रक्चरल डिझाइन केलं त्यांचं नाव इथे घालत नाही. तक्रारी त्यांच्या तोंडावर सांगून झाल्या आहेत, त्यांचा बोर्ड इथे टांगायची गरज नाही. मी त्यांना मॅडमच म्हणते, वयाने माझ्या मुलीएवढ्या असल्या तरी.

आमचा धंदा आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं आणि कोकम आगळ. दापोली तालुक्यात, समुद्रापासून तीनेक किलोमीटरवर, उघड्या कातळावर आमची शेड आहे. आमच्याकडे शेड बांधायची म्हणजे इंजिनिअर गाठत नाहीत, वेल्डर गाठतात. तो विचारतो, "वहिनी, किती बाय किती?" आणि पत्र्याच्या बिलामागे पेनाने वजन काढून देतो. २०११ साली आमची पहिली शेड अशीच झाली. ४० बाय ८० फूट, पाच कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी चौकटी, त्यांच्या मध्ये चार खण, खाली तीन फूट जांभ्याच्या चिऱ्याची भिंत, वर पत्रा. उभी राहिल्यावर सगळे म्हणाले, दणकट झाली. मलाही तसंच वाटलं. खांबाला टिचकी मारली की आवाज भरीव यायचा, आणि लोखंडाची परीक्षा आपण याहून वेगळी काय करतो?

मग ३ जून २०२० आला. निसर्ग वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. आम्ही त्याच्या दक्षिणेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावरच. सुपारीची बाग कशी झोपली ते सांगत बसत नाही, कोकणात ज्याच्या-त्याच्या घरी ती गोष्ट आहे. शेडचं मात्र सांगायला हवं. समुद्राकडचं शटर आधी पोटासारखं आत फुगलं आणि रेलमधून सुटलं. त्यानंतर दोन-तीन मिनिटांत छपराचे पत्रे उडायला लागले, तेही आतून ढकलल्यासारखे. आणि शेवटी पाचही कैच्या उत्तरेला निजल्या, भात आडवं पडतं तशा, एका ओळीत, एकाच दिशेला.

दुसऱ्या दिवशी बघायला गेलो तर एकही कैची मोडलेली नव्हती. एकही वेल्डिंग सुटलेलं नव्हतं. खांब बुंध्याशी वाकले होते, बस्स. पत्रे अडकवायचे आकडे, म्हणजे जे-हूक, पर्लिनला (पत्र्यांखालच्या आडव्या लोखंडी दांड्यांना) जागच्या जागी होते, त्यांच्याभोवतीचा पत्रा तेवढा फाटून गेला होता.

आमचं अनुमान ठरलेलंच होतं. लोखंड कमी पडलं, आता दीडपट जाड घालायचं. वेल्डरने नवं वजन काढलं साडेआठ टन. बँकेकडे कर्ज मागायला गेले तर त्यांनी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थिरता प्रमाणपत्र मागितलं. म्हणजे मॅडमकडे मी गेले ती एका सही-शिक्क्यासाठी, हे कबूल करते. पाच हजारांत काम होईल अशी माझी समजूत. त्यांनी चौरस फुटाला १५ रुपये सांगितले, ३२०० चौरस फुटांचे ४८ हजार. वर म्हणाल्या, "नुसती सही मी विकत नाही, काकू." फोन ठेवून दिला होता मी. बँकेने दोन आठवडे लटकवलं तेव्हा परत लावला.

टाळेबंदीचे दिवस, त्यामुळे सुरुवात व्हॉट्सॅपवर झाली. त्यांनी मागितलेले फोटो पाहून मला वाटलं होतं बाईला कामाचं काही कळत नाही. पडलेल्या शेडचा अख्खा फोटो त्यांना नकोच होता. पत्र्याला पडलेलं भोक जवळून, खांबाचा बुंधा चारही बाजूंनी, शटरची रेल, आणि ज्या बाजूला शेड निजली त्या बाजूला माणूस उभा करून एक.

ऑक्टोबरात त्या स्वतः आल्या. चहा घ्यायच्या आधीच पूर्वेकडच्या एका आडव्या खांबाशी बसल्या आणि त्यावरच्या दोन इंची खुंटावर बोट ठेवलं. "इथे काय होतं?"

घरात शांतता. मग आमचे भावोजी म्हणाले, "अँगल होता. फुलीसारखा. टेम्पो आत येईना म्हणून २०१७ ला कापला."

"आणि पश्चिमेला?"

पश्चिमेला तो कधी नव्हताच. वेल्डरच्या मते एका बाजूला पुरेसा होता.

मॅडमनी अंगणातच आंबापोळी वाळवायची एक जुनी लाकडी चौकट उचलली. चार पट्ट्या, कोपऱ्यांना एकेक खिळा. वरच्या पट्टीला एका बोटाने ढकललं आणि चौकट तिरकी होऊन मिटली. मग तिरकी एक सुतळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणून बांधली आणि मला ढकलायला लावलं. नाही हलली. उलट्या बाजूने ढकलली तर सुतळी सैल पडली आणि चौकट परत मिटली. "म्हणून दोन लागतात," म्हणाल्या. "एक ताणात असते तेव्हा दुसरी सुट्टीवर." आमच्या सासूबाई ओट्यावरून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, मांडवाला तिरका वासा नसेल तर वऱ्हाड यायच्या आधी मांडव निजतो, हे शिकवायला पुण्याहून कशाला यायला लागतं? मॅडम हसल्या, पण बिल काही कमी झालं नाही.

तर हे तिरकं लोखंड, इंजिनिअरांच्या भाषेत ब्रेसिंग, ते यासाठी. कैची आणि तिचे दोन खांब ही चौकट शेडच्या रुंदीच्या दिशेने स्वतःच्या ताकदीवर उभी राहते, कारण तिचे सांधे घट्ट जोडलेले असतात. लांबीच्या दिशेने मात्र एका कैचीला दुसरीशी बांधून ठेवतात त्या पर्लिन, आणि पर्लिन शेडला उभी धरत नाहीत, फक्त सगळ्या कैच्या एकाच वेळी पडतील एवढं बघतात. आमच्याकडे तेच झालं. खांबाचं लोखंड दीडपट केलं असतं तरी निजायची दिशा तीच राहिली असती, वाकायला थोडा जास्त वारा लागला असता इतकंच.

पुढचं त्यांनी लॅपटॉपवर दाखवलं, आणि फीचे निम्मे पैसे मला तिथे वसूल झाल्यासारखे वाटले. नव्या शेडचा तारांचा सांगाडा पडद्यावर होता. बटण दाबलं की प्रत्येक तुकड्यात किती ओढ, किती दाब ते रंगात दिसायचं. मग त्यांनी भिंतींमधल्या फुल्या पुसल्या आणि पुन्हा बटण दाबलं. आकडे आलेच नाहीत. प्रोग्रॅमने इशारा दिला, रचना अस्थिर आहे. शेड किती हलेल ते सांगायलाही यंत्र तयार नव्हतं. त्यांनी खांबांचे बुंधे आणि लांबीचे सांधे बिजागरीसारखे धरले होते, त्यामुळे फुल्यांशिवाय त्या दिशेला अडवणारं काही उरतच नव्हतं. भावोजींनी तो पडदा बराच वेळ पाहिला.

वाऱ्याचा हिशेबही त्यांनी वहीत करून दिला, तो मी जपून ठेवलाय. वाऱ्याचा दाब म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग सेकंदाला मीटरमध्ये. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. उत्तर येतं चौरस मीटरला ६६७ न्यूटन, आपल्या भाषेत ६८ किलो. आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाचेक किलो. छपरावरून जाणारा वारा पत्रा वर ओढतो, आणि समुद्राकडचं शटर फुटलं तर आत शिरलेला वारा खालून ढकलतो, दोन्ही एकाच दिशेला. नुसते ६८ किलो धरले तरी मधल्या एका कैचीच्या वाट्याला ६ बाय १२ मीटरचं छप्पर येतं. म्हणजे जवळपास पाच टन ओढ, एका खांबाला अडीच टन, आणि तीही वरच्या दिशेने. वेग दुप्पट झाला की हे चौपट होतं. प्रत्यक्ष डिझाइन आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे करतात, २०१५ चा तो. त्यात ५० वर्षांत एकदा येईल असा तीन सेकंदांचा झोत धरतात, मग जमिनीचा चढउतार, उंची, दारं-खिडक्या असे गुणक लावतात. ते पुढचं मला झेपलं नाही.

पण अडीच टन वर, हे डोक्यात बसलं. मी जन्मभर समजत होते की पाया इमारतीचं ओझं खाली पेलायला असतो. आमच्या शेडचा पाया तिला उडू न देण्यासाठी आहे. एक घनमीटर काँक्रीट म्हणजे जवळपास अडीच टन. वेल्डरने पूर्वी कातळात दोन फूट भोक पाडून खांब रोवले होते, नव्या शेडला प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा ठोकळा आणि चार फाउंडेशन बोल्ट आले. कातळ फोडायचा खर्च अंगावर आला. त्यावर मी वाद घातला नाही.

वाद झाला तो दारावरून. रस्त्याकडच्या पहिल्या खणात मला बारा फुटी शटर हवं होतं आणि मॅडमच्या नकाशात नेमकी तिथेच फुली. त्यांनी तीन वाटा सांगितल्या. एक, फुलीऐवजी त्या खणात जाड चौकट घालायची, तिला पोर्टल म्हणतात. दार मोकळं राहतं पण लोखंड बरंच वाढतं. दोन, दार आखूड करायचं. तीन, फुली दुसऱ्या खणात सरकवायची आणि छपरातली फुलीही तिच्याबरोबर सरकवायची. मी म्हटलं, मग आधीच दुसऱ्या खणात का नाही काढलीत? त्यावर त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "तुम्ही दार कुठे हवं ते सांगितलंच नव्हतंत." खरं होतं. तुम्ही कोणाकडेही डिझाइन करायला द्याल तर टेम्पो, ट्रॉली, ड्रायर, बोअरची पाइपलाइन कुठून येणार ते पहिल्या दिवशी कागदावर काढून द्या. आमचा त्यात महिना गेला.

छपरातली फुली भिंतीतल्या फुलीच्याच खणात का, हेही विचारलं. त्यांनी पेनाने वाऱ्याची वाट काढून दाखवली. वारा त्रिकोणी टोकाच्या भिंतीवर आपटतो, तिथल्या उभ्या खांबांच्या डोक्यातून छपराच्या पातळीत चढतो, छपरातल्या सळयांच्या फुलीतून कडेच्या पाइपावर येतो, पाइपातून भिंतीच्या फुलीत आणि तिथून पायात. वाटेत एक कडी नसली तर पुढच्या सगळ्या कड्या शोभेच्या. एसटी बदलत कोल्हापूरला जावं तसं, चिपळूणची गाडी चुकली की पुढचं रिझर्वेशन काय कामाचं.

हिशेबाने प्रत्येक बाजूला एकच फुली भागत होती. त्यांनी दोन घातल्या, दुसऱ्या आणि चौथ्या खणात. दुसरी कशाला, म्हटल्यावर उत्तर मिळालं, "एक तुम्ही कापणार असं धरूनच चालते मी." भावोजी तेव्हा पाणी आणायला आत गेले.

सगळ्या फुल्या, छपरातल्या सळया, सांध्यांवरच्या गसेट प्लेटा धरून तिरकं लोखंड सहाशे किलोच्या आसपास भरलं. एकूण शेड सात टनांच्या आत बसली. वेल्डरचे साडेआठ आठवतात ना? दीड टनाची बचत फॅब्रिकेशनसकट फीच्या दुपटीहून जास्त झाली. हे लिहिताना जरा जपून लिहिते, कारण सगळ्यांचं असं होईलच असं नाही. आमचा वेल्डर भीतीपोटी जाड घालत होता. जो मुळात पातळ घालतो त्याच्याकडून डिझाइननंतर वजन वाढेल.

आता ड्रॉइंगचं. अर्धा तारा इथे गेला. मोठ्या कागदाची पीडीएफ आली, सगळं इंग्रजीत, सगळं मिलिमीटरमध्ये, आणि पंधरा पानांत एकही पान असं नाही की जे मोबाइलवर उघडून वेल्डरला वाचता येईल. आमचा वेल्डर सूत (इंचाचा आठवा भाग) आणि इंचात बोलतो. सहा मिलिमीटरची प्लेट त्याला दोन सुती म्हणून कळते, वीस मिलिमीटरची सळई सहा सुती. मी रात्री बसून वहीत भाषांतर केलं. त्यात एक ओळ माझ्याकडून राहिली आणि तिने घोळ केला.

ती ओळ होती कैचीच्या तिरक्या तुळईचा खालचा काठ आणि पर्लिन यांना जोडणाऱ्या छोट्या अँगलची. हातभर लांबीचे चोवीस तुकडे. वेल्डरला वाटलं नक्षी आहे. मॅडमची कामावरची एकमेव भेट झाली तेव्हा पत्रे चढायला दोन दिवस होते. त्यांनी वर पाहिलं आणि पहिला शब्द काढला तो, "स्टे कुठायत?" एरवी छपराच्या वजनाने तुळईचा वरचा काठ दाबला जातो आणि त्याला पर्लिन धरून असतात. वारा छप्पर वर ओढतो तेव्हा सगळं उलटं होतं. खालचा काठ दाबला जातो आणि त्याला धरायला कोणी नसतं, तो पट्टी वाकते तसा बाजूला पळतो. त्याला आवरायला हे तुकडे. चोवीसच्या चोवीस त्याच संध्याकाळी लागले, जनरेटरवर. ही भेट नसती तर तुळया चांगल्या, खांब चांगले, फुल्या चांगल्या आणि तरीही शेड अर्धवट, असं झालं असतं, आणि आम्हाला पुढच्या वादळापर्यंत कळलं नसतं. फीमध्ये एकच भेट होती. मी म्हणेन की डिझाइनची फी ठरवताना दोन भेटी लिहून घ्या, एक पाया भरण्याआधी बोल्ट बघायला आणि एक पत्रे चढण्याआधी. दुसरीचे वेगळे पैसे पडले तरी द्या.

शेड २०२१ च्या मार्चअखेर उभी राहिली आणि मेमध्ये तौक्ते आलं. आंबापोळीचा हंगाम ऐन भरात, ताटं भरलेली. १६ मेची ती रात्र आम्ही शेडमध्येच काढली. पत्रे वाजत होते, फुल्यांमधला एक अँगल झोताबरोबर थरथरून बारीक गुणगुणत होता, भावोजी हातात बॅटरी घेऊन त्याच्याकडेच बघत बसले होते. सकाळी सगळं जागेवर. पण याचं श्रेय मी मॅडमना देत नाही. ते वादळ आमच्यापासून समुद्रातून गेलं, निसर्गसारखं अंगावर आलं नाही. आमच्या शेजाऱ्यांची बिनडिझाइनची शेडही उभीच राहिली. खरी परीक्षा अजून व्हायची आहे आणि न झाली तर बरं.

उरलेला अर्धा तारा स्क्रूंचा. जे-हूकच्या जागी स्वयंवेधी, म्हणजे स्वतःच भोक पाडणारे, स्क्रू सुचवले, कडांना आणि कोपऱ्यांना अंतर निम्मं, कारण तिथे ओढ सर्वांत जास्त असते. हे उत्तम. पण कागदावर नुसतं "स्क्रू" लिहिलं होतं, मुलामा कुठला ते नाही. खाऱ्या हवेत तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत आढ्याकडच्या ओळीला गंज चढला आणि रबरी वायसर तडकले. तीनशेच्या वर स्क्रू बदलले आम्ही. समुद्रकाठच्या शेडसाठी हे डिझाइनवाल्याने लिहायला हवं होतं. कळवल्यावर मॅडमनी चूक मान्य केली आणि आता त्यांच्या नमुना कागदात ती ओळ घातली, असं म्हणाल्या. छपरातल्या सळया ताणून धरणारे आटेदार जोड, म्हणजे टर्नबकल, तेही वर्षभरात सैल पडले होते. वर्षातून एकदा, पावसाआधी, आवळायचे असतात हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, मीच फोन करून विचारलं. आता अक्षय्य तृतीयेला शेडची पूजा झाली की पाना घेऊन भावोजी वर चढतात.

प्रमाणपत्र मात्र वेळेत आलं, बँकेने एकही शंका काढली नाही.

चारही फुल्यांवर भावोजींनी स्वतः लाल रंगाने "कापू नये" लिहिलंय. चौथ्या खणातल्या फुलीवर बायका मे महिन्यात ओली फडकी वाळत घालतात. मॅडमना फोटो पाठवून विचारलं, चालेल का? उत्तर आलं, "फडकी चालतील. झोपाळा नको."